अँटिबायोटिक घरी नेताना: काउंटरच्या आतून काही सूचना

मी पिंपरीत औषधांचं दुकान चालवते. संध्याकाळी दवाखाने सुटायच्या वेळी काउंटरवर झुंबड असते. कुणाची स्कूटर चालूच असते, कुणाचं मूल कडेवर रडत असतं, आणि "मॅडम, लवकर द्या" हे पालुपद सगळ्यांचं. त्या गडबडीत मी पाकिटावर दोन खुणा करते, "जेवल्यावर बरं का" म्हणते आणि पुढचा कागद घेते. जे बोलायचं राहून जातं ते इथे लिहिते आहे.

डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक लिहून दिलं आहे, असं मी धरून चालले आहे. शेजारच्या काकूंना कुठल्या गोळीने बरं वाटलं होतं म्हणून तीच हवी असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, आधी डॉक्टर गाठा. सर्दी, फ्लू, डेंगी हे व्हायरसचे आजार आहेत, आणि अँटिबायोटिक व्हायरसला हातही लावत नाही.

दुकानातून पाय काढण्याआधी

कागदावर १-०-१ लिहिलं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पुढे ५ दिवस लिहिलं असेल तर एकूण १० गोळ्या. हा हिशेब काउंटरवरच करा आणि गोळ्या मोजून घ्या. अक्षर लागत नसेल तर आम्हाला विचारा, आम्हालाही लागत नसेल तर आम्ही दवाखान्यात फोन करतो. "टीडीएस असेल बहुतेक" (टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा) असं म्हणून कुणी गोळ्या देत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

माझ्या दुकानात सर्वाधिक वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "सध्या दोन दिवसांच्या द्या, बघू फरक पडतो का." फरक पडतो, हाच तर घोळ आहे. दोन दिवसांत ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि उरलेल्या गोळ्या न्यायला कुणी येत नाही. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात नेमक्या अशाच एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच्या मनाने थोडंसं पेनिसिलीन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात आणि तिच्यावर पेनिसिलीन चालत नाही. पिंपरीला तर हे नवं असायला नको. देशातली पहिली सरकारी औषध कंपनी, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली इथेच उभी राहिली आणि पुढे पेनिसिलीन बनवू लागली. त्या कारखान्यात नोकरी केलेले आजोबा माझ्याकडे येतात, पेनिसिलीनचं सगळं शास्त्र मला ऐकवतात आणि शेवटी अर्धीच पट्टी मागतात!

पैशांची अडचण असेल तर ती सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच कंटेंटची, म्हणजे आतल्या मूळ औषधाची, स्वस्त कंपनी असते, जनऔषधी केंद्र असतं. कंपनी बदलली तर चालतं, दिवस कमी केलेले चालत नाहीत. कंपनी बदलताना मात्र नावाखालचा कंटेंट आणि आकडा दोन्ही जुळवा. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळीवरचा ६२५ म्हणजे ५०० अधिक १२५ मिलिग्रॅम. हीच जोडी ३७५ मध्येही मिळते. खोकं सारखं दिसतं, डोस निम्म्यावर येतो.

पट्टीवरची उभी लाल रेघ बघून घ्या. ती असली की औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. या रेघेबद्दल लोकांना समजावं म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन अशी काही अँटिबायोटिक्स त्याहून कडक यादीत आहेत, तिला शेड्यूल एच-वन म्हणतात. ही यादी २०१४ पासून लागू आहे. त्यांची विक्री आम्हाला वहीत नोंदवावी लागते, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं सांभाळावी लागते. तेव्हा "नाव कशाला हवंय?" म्हणून चिडू नका.

पट्टी कापून दिली तर एक्स्पायरी आणि बॅच नंबर एका टोकाला राहतो आणि नेमकं ते टोक दुसऱ्याच्या वाट्याला जातं. कापण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढा, आणि बिल घ्या. बिलावर बॅच असते.

आणखी काही गोष्टी खरं तर डॉक्टरांसमोरच सांगायच्या असतात, राहून गेल्या असतील तर निदान मला सांगा. पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं का, गरोदर आहात का, अंगावर पाजता का, किडनीचा त्रास आहे का. रक्त पातळ करायची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर बरीचशी अँटिबायोटिक्स तिचा परिणाम वाढवतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना सल्फाची गोळी घातक ठरू शकते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर चालत नाहीत. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्याने सिप्रोफ्लॉक्सॅसिन विचारल्याशिवाय घेऊ नये. ही सगळी नावं पाठ करायची गरज नाही. रोज जे काही घेता त्याच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, बाकीचं आम्ही बघतो.

आणि लघवीची किंवा रक्ताची कल्चर तपासणी (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) सांगितली असेल तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्या. गोळी पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडतीलच असं नाही, मग रिपोर्ट "नॉर्मल" येतो आणि ताप तसाच राहतो.

घड्याळ

दिवसातून दोनदा म्हणजे बारा तासांनी, समजा सकाळी आठ आणि रात्री आठ. तीनदा म्हणजे आठ तासांनी, सहा, दोन आणि दहा. सकाळी नाश्त्याला, दुपारी जेवताना आणि चार वाजता चहाबरोबर असं उरकून टाकलं तर मधली सगळी रात्र औषधाविना जाते. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं रक्तातून काही तासांतच निघून जातात. जंतूंवर त्यांचा दाब टिकायला हवा असेल तर डोस सारख्या अंतराने पडायला हवेत. अ‍ॅझिथ्रोमायसिनचं उलट आहे. ते पेशींमध्ये शिरून दिवसेंदिवस तिथेच राहतं, म्हणून दिवसाला एक आणि बहुतेकदा तीन ते पाच दिवसच. तेव्हा "तिला तीन गोळ्यांत बरं वाटलं, मला चौदा कशाला?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच की औषध वेगळं आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढून देते. घरात आजी-आजोबा असतील तर तुम्हीही काढा. बाकीच्यांनी मोबाईलवर अलार्म लावावा.

डोस विसरला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर हुकलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत घ्यायची का, हे फोन करून विचारा.

दूध, दही आणि "गरम पडतं"

हा विषय मला लांबवायचाच आहे. अँटिबायोटिक गरम असतं म्हणून ते दुधाबरोबर घ्यायचं, नाहीतर वर ताक-दही खायचं, ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे. आई सांगते, सासू सांगते. अमॉक्सिसिलिनच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेणारा माणूस जेव्हा गोळी कपभर दुधाबरोबर घेतो, तेव्हा दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला पोटातच धरून ठेवतं. गोळी आत गेली खरी, पण औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. मग "औषध लागू पडलं नाही" म्हणत तो डॉक्टर बदलतो आणि त्याला आणखी जड औषध मिळतं.

कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, झिंक असलेल्या मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूल, आंबट ढेकरांसाठीचं गुलाबी अँटासिड, ही सगळी मंडळी तेच करतात. सिप्रो, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर आधी अँटिबायोटिक साध्या पाण्याबरोबर घ्या आणि वरच्या गोष्टी निदान दोन तासांनी. त्या आधी घेतल्या गेल्या असतील, तर नंतरचं अंतर औषधाप्रमाणे बदलतं. सिप्रोला सहा तास धरा. सोपा मार्ग म्हणजे तेवढे पाच-सात दिवस कॅल्शियम आणि टॉनिक बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं. बहुतेक वेळा येतं.

डॉक्सिसायक्लिनबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण पावसाळ्यात ते फार लिहिलं जातं. लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापावर) ते चालतं, आणि मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना प्रतिबंध म्हणूनही डॉक्टर ते देतात. ही कॅप्सूल घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं झालात तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. दुसऱ्या दिवशी घास गिळताना छातीत आग होते आणि माणूस अ‍ॅसिडिटी समजून बसतो. पेलाभर पाणी प्या, नंतर निदान अर्धा तास बसून किंवा उभे राहा, म्हणजेच झोपायच्या तोंडावर घेऊ नका. शेतावर किंवा उन्हात काम असेल तर टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, या औषधाने उन्हाने कातडी लवकर भाजते. गरोदर बाईने हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि आठ वर्षांखालच्या मुलालाही तसं द्यायचं नाही.

बाकीची झटपट. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिकची गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्या, पोट कमी बिघडतं. लघवीच्या इन्फेक्शनवरचं नायट्रोफ्युरॅन्टॉइन खाऊनच घ्या, लघवी तपकिरी-पिवळी झाली तर घाबरू नका. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते, ती गोळ्या संपल्यावर जाते. त्याच्याबरोबर आणि नंतरही तीन दिवस दारू नको. "बिअर चालेल का?" असं विचारणारे बरेच असतात. नाही, बिअर दारूच आहे, आणि काही टॉनिकांतही अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवरचं वाचा.

उपासाला काय करायचं? चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन गोळी घेतली तर पोटाच्या दृष्टीने ते जेवणच आहे, खुशाल घ्या. निर्जळी असेल किंवा रोजा असेल तर चिठ्ठी लिहिली जात असतानाच सांगा. दिवसातून एकदाच घ्यायचं किंवा सहेरी-इफ्तारला बसेल असं औषध डॉक्टर बघू शकतात. गोळ्या घरी नेऊन आपणच वेळा हलवणं वाईट.

मुलांचं ड्राय सिरप

बाटलीत पावडर असते, तिच्यात पाणी आपण घालायचं असतं. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. काही खोक्यांत पाण्याची छोटी कुपी दिलेली असते, मग तीच वापरा. आधी बाटली तळहातावर ठोकून पावडर मोकळी करा. खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. मग बाणाच्या किंवा रेघेच्या खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवा. एकदम खुणेपर्यंत ओतलं तर फेसामुळे अंदाज चुकतो आणि तळाला गोळे राहतात. यानंतर प्रत्येक वेळी देण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर पहिल्या दिवशी मुलाला नुसतं गोड पाणी मिळतं आणि शेवटच्या दिवशी दाट औषध.

पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिकचं सिरप पाणी घातल्यापासून सात दिवस, तेही फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये नाही आणि दारातल्या कप्प्यातही शक्यतो नको. दुसऱ्या औषधांचे दिवस वेगळे असतात, लेबलवर दिलेले असतात. कोर्ससाठी दोन बाटल्या लागणार असतील तर दुसरीत पाणी पहिली संपल्यावरच घाला.

माप घरच्या चमच्याने घेऊ नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. खोक्यातलं टोपण वापरा. लहान बाळासाठी माझ्याकडून सुई नसलेली ५ एमएलची सिरिंज न्या, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. आणि आकडा बघा. ५ एमएलमध्ये २२८.५ मिलिग्रॅम असलेलं सिरप आणि ४५७ असलेलं सिरप दिसायला एकच, पण दुसऱ्यात औषध दुप्पट. दुकानात एक नसलं म्हणून दुसरं नेलंत तर किती एमएल द्यायचं हे नव्याने विचारूनच निघा. डोस मुलाच्या वजनावर ठरलेला असतो. म्हणून थोरल्याचं उरलेलं धाकट्याला हा प्रकार बंद.

औषध दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळू नका. मूल बाटली अर्धी टाकतं, मग किती औषध पोटात गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

ताप उतरत नाही, किंवा फार लवकर उतरतो

दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर त्याच डॉक्टरांना फोन करा. टायफॉइडमध्ये मात्र योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला तीन ते पाच दिवस, कधी थोडे जास्तच लागतात. या मधल्या दिवसांत नातेवाइकांचा धीर सुटतो, दुसरा डॉक्टर, दुसरं अँटिबायोटिक, तिसऱ्या दिवशी तिसरं. डॉक्टर बदलायचाच असेल तर सगळे कागद आणि रिकाम्या पट्ट्या घेऊन जा.

लवकर बरं वाटलं तर? लिहिलेले दिवस पूर्ण करा. पण "जितके जास्त दिवस तितकं चांगलं" हेही खरं नाही. पूर्वी दहा-दहा, चौदा-चौदा दिवस देत, आता बऱ्याच आजारांत त्याहून कमी पुरतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हॉस्पिटलबाहेर झालेल्या न्यूमोनियाला आणि कातडीच्या इन्फेक्शनला पाच दिवस सांगितले आहेत. म्हणून पाच दिवसांनंतर स्वतःच्या मनाने आणखी एक पट्टी न्यायला येऊ नका. आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच मध्ये थांबा म्हटलं, तर थांबा.

कधी गोळी थांबवून धावायचं

नव्या औषधाचा पहिला डोस घरात कुणीतरी असताना घ्या. ओठ, पापण्या, जीभ सुजणं, श्वास अडकणं, घशात आवळल्यासारखं होणं, अंगभर पित्ताच्या गांधी उठून चक्कर येणं, असं काही झालं तर फोनाफोनी करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा किंवा १०८ ला फोन करा. हे काही मिनिटांत वाढतं. तोंडात फोड, डोळे लाल आणि कातडी सोलवटायला लागली तर त्याच दिवशी दाखवा, मग ते आठवडाभराने का उद्भवलेलं असेना. डोळे पिवळे झाले तरी तसंच.

थोडं पातळ होणं, मळमळ, बायकांना खाली खाज, हे फोनवर सांगण्यासारखं, घाबरण्यासारखं नाही. पण पाण्यासारखे जुलाब वारंवार व्हायला लागले, रक्त पडलं, ताप आला, तर जुलाब थांबवायची गोळी आपणहून घेऊ नका. अँटिबायोटिकमुळे आतड्यात वेगळ्याच जंतूंचं फावतं, आणि हे कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही होऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांना सांगताना महिन्याभरापूर्वीचं अँटिबायोटिकही सांगा.

लिव्होफ्लॉक्सॅसिन, सिप्रो या जातीच्या गोळ्या चालू असताना टाचेमागची शीर दुखायला लागली तर चालणं-पळणं थांबवून फोन करा. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना ही शीर तुटायचा धोका जास्त. डायबेटिस असेल तर याच गोळ्यांनी साखर वर-खाली होते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर खा, मग तपासा.

उरलंच तर

औषध मध्येच बदललं म्हणून गोळ्या उरतात. त्या फ्रिजवरच्या डब्यात पुढच्या तापासाठी ठेवायच्या नाहीत. संडासात किंवा बेसिनमध्येही टाकू नका. दुकानदार परत घेऊन नष्ट करत असेल तर त्याला द्या. नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.

एखादं अँटिबायोटिक सोसलं नसेल तर त्याचं नाव लिहून ठेवा. "ती मोठी पांढरी गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही. नावापुढे नेमकं काय झालं तेही लिहा. नुसते जुलाब झाले असतील तर ती अ‍ॅलर्जी नव्हे, आणि उगाच पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी म्हणून सांगत राहिलात तर चांगली, स्वस्त औषधं कायमची हातची जातात. पट्टीचा फोटो आणि ही नोंद मोबाईलमध्ये एकत्र ठेवा. दाढ काढायला गेलात तरी खुर्चीत बसण्याआधी तो फोटो दाखवा, तिथेही अँटिबायोटिकच लिहून मिळतं.